जुनी मोटार विकत घेतांना : क्लच, गिअरबॉक्स व इंजिन यांची पारख

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या बागायती टापूंतील शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीची जागा ट्रॅक्टरनें घेतली, आणि आतां त्या ट्रॅक्टरशेजारीं एखादी चार दारांची, मागें सामानाची डिकी असलेली मोटारहि उभी दिसूं लागली आहे. ही मोटार बहुधा नवी नसते. उसाचें बिल किंवा द्राक्षांची पट्टी हातीं आली कीं शहरांतून कोणाची तरी आठ-दहा वर्षें वापरलेली मोटार आणावयाची, असा प्रघात पडला आहे. त्यांत गैर कांहींच नाहीं. नव्या मोटारीची किंमत पहिल्या चार-पांच वर्षांतच पुष्कळ उतरते, आणि तो तोटा दुसऱ्यानें सोसलेला असतो. परंतु बैल घेतांना दांत, खूर, खांदा व चाल पाहून घेणारा आमचा शेतकरी मोटार घेतांना मात्र रंग, गादी व गाण्याचें यंत्र पाहून इसार देतो, हें प्रस्तुत लेखकानें अनेक वेळां पाहिलें आहे. आणि एकदां स्वतःहि तसेंच केलें आहे.

ती हकीकत थोडक्यांत सांगितली तर पुढील विवेचनास उपयोग होईल. २०१९ सालच्या उन्हाळ्यांत मीं शहरांतील एका दलालाकडून २०११ सालची, डिझेलवर चालणारी मोटार घेतली. अंतरमापकावर ७२ हजार किलोमीटर दिसत होते. आम्ही पोहोंचलों तेव्हां इंजिन चालू करून ठेवलेलेंच होतें. दलालानें सपाट रस्त्यावर एक फेरी मारून दाखविली आणि व्यवहार पुरा झाला. पहिले दोन महिने तक्रारीस जागा नव्हती, कारण गांव ते तालुका एवढ्याच टप्प्यांत गाडी फिरत होती. पुढें आमच्या मातोश्रींच्या डोळ्यावर पुण्यास शस्त्रक्रिया झाली. त्यांना घेऊन परत येत असतां खंबाटकीचा घाट निम्मा चढलों, आणि इंजिनाचा आवाज वाढूं लागला. गाडीचा वेग मात्र उतरूं लागला. ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितका आवाज मोठा आणि चाल मंद. मग जळक्या वासानें गाडी भरून गेली. आंत आम्ही पांच माणसें, मातोश्रींच्या डोळ्यावर पट्टी, बाहेर पावसाची झड, आणि मागें मालमोटारींची रांग. त्या रात्रीं एका ट्रकवाल्यानें दोर लावून आम्हांला घाटमाथ्यापर्यंत ओढून नेलें. त्याचे उपकार मोठे आहेत, आणि त्याचें नांवगांव विचारण्याचें भान मला राहिलें नाहीं याची खंत आहे.

दुसऱ्या दिवशीं कराडच्या एका मिस्त्रीनें गिअरबॉक्स खालीं उतरविला. क्लचप्लेटवरील अस्तर झिजून रिव्हेटांपर्यंत आलें होतें, फ्लायव्हील निळें पडलें होतें, आणि गिअरबॉक्समध्यें तेल निम्म्याहून कमी होतें. मिस्त्री म्हणाला, “अण्णा, बहात्तर हजार कसले, ही गाडी दोन लाख फिरलेली आहे. पायाखालचें रबर पाहा.” क्लच आणि ब्रेक यांच्या पॅडलांवरील रबर गुळगुळीत झालें होतें. पुढें कागदपत्रें उकरलीं, तेव्हां गाडी आधीं कांहीं वर्षें टॅक्सी म्हणून चालत होती व मागाहून खासगी करून घेतली, असें आढळून आलें. क्लचचा संपूर्ण संच, तेलाचीं सीलें, फ्लायव्हीलचें घासकाम व मजुरी मिळून १९ हजार रुपये गेले. हा खर्च गाडी घेण्यापूर्वींच कळण्याजोगा होता, आणि कसा, तें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

इंजिनाचें बळ चाकापर्यंत कोणत्या वाटेनें जातें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. ट्रॅक्टर बाळगणाऱ्यास यांतील निम्में आधींच ठाऊक असतें. इंजिनाच्या टोंकास फ्लायव्हील, त्यास चिकटून क्लच, क्लचमागें गिअरबॉक्स, त्यापुढें डिफरन्शियल व शेवटीं चाकें. ॲम्बॅसेडर व पद्मिनी या जुन्या मोटारींत इंजिन पुढें, आणि बळ मात्र लांब शाफ्टानें मागच्या चाकांस जात असे. पैकीं पद्मिनी मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई, आणि ॲम्बॅसेडर बंगालमध्यें उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत निघत होती. १९८३ सालीं मारुति ८०० आली तेव्हांपासून आपल्याकडील बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या झाल्या. यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटांतच असतें, दोहोंस तेल एकच, आणि तेथून दोन आंखूड ड्राइव्हशाफ्ट डाव्या-उजव्या चाकांस जातात. रचना सुटसुटीत खरी. पण पुढचीं चाकें वळतहि असल्यामुळें त्या शाफ्टांचे सांधे वळत वळत फिरावे लागतात, आणि दुखणें तेथें उत्पन्न होतें.

आतां क्लचविषयीं. नांगरटींत आपण एकदां गिअर टाकला कीं तासाच्या शेवटापर्यंत क्लचला पाय लावीत नाहीं. बाजारपेठेंत चालणाऱ्या मोटारीस मात्र दर शंभर पावलांस क्लच दाबावा लागतो. सरळ महामार्गावर शहाण्या हाताखालीं चालणारा क्लच लाखाच्या वर किलोमीटर सहज टिकतो, तर घाटांत अर्धा क्लच दाबून गाडी रोखून धरणारा चालक तोच क्लच तीस-चाळीस हजारांत संपवितो. म्हणून अंतरमापकाच्या आंकड्यावरून क्लचची स्थिति कळत नाहीं. ती पाहण्याची रीत सोपी आहे. सपाट जागीं गाडी उभी करून हँडब्रेक घट्ट ओढावा, चाकांस दगड लावावे, समोर कोणी उभें नाहीं याची खात्री करावी, आणि चौथा गिअर टाकून थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडावा. क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन तत्काळ बंद पडेल. क्लच पुरता सोडूनहि इंजिन फिरतच राहिलें तर प्लेट घसरते आहे असें समजावें. हा प्रयोग एकदांच करावा; वारंवार केल्यास चांगली प्लेटहि जळते. दुसरी परीक्षा रस्त्यावरची. पांचव्या गिअरमध्यें ताशीं साठ किलोमीटर वेग असतां ॲक्सिलरेटर एकदम पुरा दाबावा. इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा झपकन् वर जाऊन वेग जागच्या जागीं राहिला, तर निदान तेंच. माझ्या दलालाच्या सपाट फेरींत पांचवा गिअर पडलाच नव्हता, हें मला घाटांत आठवलें.

क्लचचें बेअरिंग ओळखण्यास कान पुरेसे आहेत. गाडी उभी, गिअर काढलेला, इंजिन चालू. क्लच दाबतांच खरखर किंवा शीळ येऊं लागली व सोडतांच गेली, तर रिलीज बेअरिंग झिजलें आहे. उलट, क्लच सोडलेला असतां आवाज येतो आणि दाबतांच थांबतो, असें झाल्यास दोष गिअरबॉक्सच्या आंतील शाफ्टाच्या बेअरिंगचा, म्हणजे पुष्कळ मोठ्या खर्चाचा आहे. या दोन आवाजांतील भेद ज्यास कळला त्याचे दहा-पंधरा हजार रुपये सहज वांचतात. आणि आश्चर्य हें कीं, पुष्कळ गॅरेजवाले स्वतः हा भेद न पाहतां थेट गिअरबॉक्स उतरवितात. रिलीज बेअरिंग स्वस्त असलें तरी तें बदलण्यास गिअरबॉक्स खालीं काढावाच लागतो, म्हणून मजुरी तीच पडते. एकदां गिअरबॉक्स उतरलाच, कीं प्लेट, प्रेशरप्लेट व बेअरिंग हा तिघांचा संच एकत्र बदलावा. त्यांत पै वांचविणें म्हणजे विहिरीवर नवा पंप बसवून जुनाच पाइप जोडण्यासारखें आहे.

गिअर पडतांना होणाऱ्या कुरकुरीसंबंधानें लोकांचा फार घोटाळा होतो, म्हणून त्याविषयीं जरा विस्तारानें लिहितों. जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरांत गाडी थांबवूनच गिअर बदलावा लागतो, कारण वेगवेगळ्या गतीनें फिरणारे दांते एकमेकांत बसत नाहींत. मोटारींत ही अडचण सिंक्रो नांवाच्या कड्यानें दूर केलेली असते. हें कडें बहुधा पितळेचें असतें. गिअर टाकतांना तें प्रथम गिअरच्या शंकूवर घासतें, त्याची गति शाफ्टाच्या गतीशीं जुळवितें, आणि मगच दांते आंत शिरतात. कडें झिजलें कीं गति जुळत नाहीं व दांत्यावर दांता आपटून कर्कश आवाज होतो. परंतु असाच आवाज क्लच पुरता न सुटल्यानेंहि होतो. निवाडा असा करावा : इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावे. बंद इंजिनावर सर्व गिअर लोण्यासारखे पडतात, आणि इंजिन चालू केल्यावर सगळेच जड होतात, विशेषतः पहिला व रिव्हर्स ओरडूं लागतात, तर दोष क्लचच्या सुटण्याचा आहे. तार ताणली असेल, किंवा ज्या गाड्यांत क्लच तेलाच्या दाबानें चालतो त्यांत सिलिंडर गळत असेल वा नळींत हवा शिरली असेल. हें दुखणें स्वस्तांत बरें होतें. उलट, एकच गिअर, बहुतकरून दुसरा किंवा तिसरा, चालत्या गाडींत कुरकुरतो आणि बाकीचे निमूट पडतात, तर सिंक्रोचें कडें गेलें आहे. सकाळीं थंड गाडींत ही कुरकुर अधिक स्पष्ट ऐकूं येते, म्हणून गिअरची परीक्षा थंड गाडींतच घ्यावी. इंजिन गरम करून ठेवणाऱ्या विक्रेत्याचा हेतु नेहमीं वाईटच असतो असें नाहीं. तथापि बॉनेटवर हात ठेवून पाहावा, आणि ऊन लागल्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं न कळवितां जावें.

घातलेला गिअर चढावर किंवा उतारावर आपोआप निसटत असेल, तर तें लक्षण कुरकुरीहूनहि वाईट समजावें. आंतील फोर्क, हब किंवा अडकवणीची स्प्रिंग झिजल्याची ती खूण असते. कधीं कधीं इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतें त्या माउंटिंगा फाटल्यामुळेंहि असें घडतें, आणि तें निघालें तर घेणाऱ्याचें दैव चांगलें. बॉनेट उघडून एकानें इंजिनाकडे लक्ष ठेवावें, पण गाडीच्या समोर उभें न राहतां बाजूस उभें राहावें. दुसऱ्यानें ब्रेक दाबून पहिला गिअर टाकावा व क्लच किंचित् सोडून पुन्हा दाबावा, मग रिव्हर्समध्यें तसेंच करावें. इंजिन दोन-तीन बोटांहून अधिक उसळलें तर माउंटिंग गेलेलें आहे. गाडी सुटतांना बसणारा धक्का, गिअरदांड्याची थरथर, हे सर्व त्याचेच उपद्रव.

गिअर हाताळण्याची आपली संवयहि येथें सांगितली पाहिजे. एक हात सदैव गिअरदांड्यावर टेकून ठेवणें हें पुष्कळांस रुबाबाचें वाटतें. त्या हाताचें ओझें दांड्याच्या द्वारें फोर्कावर पडतें, आणि फोर्क फिरत्या भागावर अखंड घासत राहतो. क्लचवर पाय टेकून ठेवणें हा दुसरा रुबाब. त्यानें बेअरिंग फुकट फिरत राहतें व प्लेट पुरती धरत नाहीं.

गिअरबॉक्सच्या तेलाविषयीं तर आमच्या शेतकऱ्यांस हात जोडून विनंति करावीशी वाटते. गोठ्याच्या कोपऱ्यांत ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा उघडलेला असतो, मोटारीच्या गिअरबॉक्सचें तेल कमी झालेलें असतें, आणि “तेल तें तेल” असें म्हणून डबा उलटा केला जातो. ट्रॅक्टरचें तें तेल बहुधा गिअर, हायड्रॉलिक व तेलांत बुडालेले ब्रेक या तिघांसाठीं जुळविलेलें असतें. मोटारीच्या सिंक्रोस लागणारें घर्षण तें देईलच असें नाहीं. तसेंच दुकानदार जें ‘जीएल-५’ जातीचें घट्ट तेल देतो, तें जड डिफरन्शियलासाठीं उत्तम. परंतु त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांचें प्रमाण अधिक असल्यामुळें पितळेच्या कड्यांस तें कित्येकदां बाधतें. गाडीच्या पुस्तिकेंत जी जात व जो अंक दिला असेल तेंच तेल घालावें. पुष्कळ गिअरबॉक्सांत तेल मोजण्याची कांडी नसते. बाजूस एक बूच असतें, आणि सपाट जागीं तें काढलें असतां तेल भोंकाच्या कांठापर्यंत असावयास पाहिजे. गाडी घेण्यापूर्वीं मिस्त्रीस चार पैसे देऊन हें बूच उघडावयास लावावें. बोटांत तेल चोळून पाहिलें असतां बारीक करडी चकाकी दिसली तर चिंता नाहीं, ती साधारण झीज होय. कणी लागली, अगर तळाच्या बुचास चिकटून धातूचे तुकडे निघाले, तर ती गाडी कितीहि स्वस्त मिळो, तेथून परत फिरावें.

हें तेल जातें कोठें? बहुतेक वेळां ड्राइव्हशाफ्ट जेथें गिअरबॉक्समध्यें शिरतो तेथील सीलांतून. थेंब थेंब गळतें, जमिनीवर नुसता डाग पडतो, आणि कोणाचें लक्ष जात नाहीं. माझ्या गाडीस नेमकें हेंच झालें होतें. आणखी पन्नास-शंभर किलोमीटर ती तशीच दामटली असती, तर बेअरिंगें जाऊन खर्च तिप्पट झाला असता, असें मिस्त्रीचें मत पडलें.

ड्राइव्हशाफ्टाच्या सांध्यांवर रबरी टोपी असते. तिला गॅरेजांत बूट म्हणतात. आंत ग्रीस भरलेलें असतें. ही टोपी फाटली कीं ग्रीस उडून जातें व माती आंत शिरते, आणि मग महिन्या-दोन महिन्यांत सांधा खलास होतो. शहरांतील गाडीची टोपी वयोमानानें फाटते. आमची फाटते ती उसाच्या बुडख्यांनीं. तोडणी झालेल्या फडांतून मोटार घालणें ही आमच्यांतील नवी हौस आहे, आणि तुटलेलें बुडखें म्हणजे तासलेला भालाच. पुढचें चाक पुरतें वळवून आंत डोकावल्यास टोपी सहज दिसते. चाकाच्या आंतल्या कडेवर ग्रीसचे काळे शिंतोडे असल्यास टोपी फाटलीच म्हणून समजावें. सांधा झिजला असल्यास स्टिअरिंग पुरतें वळवून गाडी हळू चालवितांना कट् कट् कट् असा आवाज त्या बाजूनें येतो; आंतला सांधा झिजला असल्यास वेग वाढवितांना सारी गाडी थरथरते. वेगाबरोबर वाढणारी घूं घूं मात्र बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते : उजवीकडे वळतांना ती वाढली तर डाव्या चाकाची, डावीकडे वळतांना वाढली तर उजव्याची, कारण वळणांत भार बाहेरच्या चाकावर पडतो. ही परीक्षा मीं एका फाउंड्रींतील कामगाराकडून शिकलों, आणि ती मला अद्याप चुकलेली नाहीं.

इंजिनाकडे वळूं. आमच्या भागांत येणाऱ्या जुन्या डिझेल मोटारींपैकीं पुष्कळांत एकच इंजिन आढळतें : फियाटनें तयार केलेलें १२४८ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. मारुति डिझायर, टाटा इंडिगो मान्झा, फियाट लिनिया अशा निरनिराळ्या नांवांच्या गाड्यांत तें बसविलें जात असे, आणि पुण्याजवळ रांजणगांवच्या कारखान्यांतहि तें बनत असे. डिझायरमध्यें त्याची शक्ति ७५ अश्वशक्तीच्या आसपास होती. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले तेव्हां मारुतीनें डिझेल मोटारी काढणेंच बंद केलें. म्हणून आज बाजारांत येणारी प्रत्येक डिझेल डिझायर त्यापूर्वींची आहे, आणि ही जात टॅक्सीच्या धंद्यांत फार चालली हेंहि लक्षांत ठेवावें. इंजिन चिवट आहे, इंधनास बेताचें आहे. मात्र त्याचीं दोन पथ्यें आहेत.

पहिलें पथ्य तेलाचें. या इंजिनास वेळेवर बदलावयाचा टायमिंगचा पट्टा नाहीं, त्याजागीं साखळी आहे. “साखळी आहे, तिला कांहीं होत नाहीं” असें विक्रेते सांगतात. पण साखळीचा ताण इंजिनच्या तेलाच्या दाबावर राहतो, आणि तेल कमी झालें किंवा बदलण्यास उशीर होत गेला कीं साखळी लांबते व ताणणारा भाग ढिला पडतो. थंड इंजिन सुरू करतांच पहिले कांहीं क्षण पुढल्या अंगास खळखळ ऐकूं आली तर संशय घ्यावा. साखळीनें दांते सोडले अगर ती तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनांवर आदळून इंजिन उघडावेंच लागतें. तेलाची कांडी काढून पाहणें यास अर्धें मिनिट लागतें; आणि डिझेल इंजिनाचें तेल काळें असणें हा दोष नव्हे, तें कमी असणें हा दोष होय.

दुसरें पथ्य डिझेलचें. जुन्या ट्रॅक्टराच्या पंपास थोडें पाणी, थोडी घाण पचते. या मोटारींत मात्र डिझेल एका समाईक नळींत हजार बारांहून अधिक दाबाखालीं राहतें. मोटारीच्या टायरमध्यें आपण जेमतेम दोन बार हवा भरतों, यावरून तो दाब किती हें ध्यानांत येईल. एवढ्या दाबानें केसासारख्या भोंकांतून डिझेल फवारणारे इंजेक्टर पाण्याच्या एका घोटानें निकामी होऊं शकतात. गोठ्यांतील बॅरलमध्यें सांठविलेलें डिझेल मोटारींत ओतूं नये. पावसाळ्यांत बॅरलच्या तळाशीं पाणी जमतेंच. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा व त्यांतील पाणी मधून मधून सोडावें. इंजेक्टर बिघडल्याचीं लक्षणें म्हणजे सुरू होण्यास लागणारा विलंब, उभ्या गाडींत हेलकावणारें इंजिन आणि काळा धूर.

धुराचा रंग पुष्कळ कांहीं सांगतो. काळा धूर व ओढ कमी, असें असल्यास टर्बोची नळी फाटली असेल किंवा धूर पुन्हा इंजिनांत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनें तुंबला असेल. या दोहोंचा खर्च थोडा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळतें आहे, दोष टर्बोचा अगर रिंगांचा. गरम इंजिनावर तेलाचें झांकण सैल करून पाहावें. त्याखालून धुराचे लोट दाबानें येऊं लागले तर रिंगा गेल्या. पांढरा धूर थंडींतल्या सकाळीं क्षणभर आला तर सोडून द्यावा. गरम झाल्यावरहि टिकला आणि रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर हेडचें गॅस्केट गेल्याचा दाट संशय.

आणि उंदीर! आमच्या शेतांत उभ्या राहणाऱ्या मोटारीचें हें खास दुखणें. एखादी तार कुरतडली जाते, संगणकास संवेदकाचा निरोप मिळत नाहीं, आणि गाडी एकाएकीं अर्ध्या बळानें चालूं लागते. टर्बो बदलण्याचा सल्ला मिळण्यापूर्वीं तारा पाहून घ्याव्या. मोटारीस जोडून दोषाचे अंक वाचणारें लहानसें स्कॅनर यंत्र आतां तालुक्याच्या गॅरेजांतहि असतें. खरेदीपूर्वीं तें लावून पाहावें. अंक एकहि नसेल तर चांगलेंच. परंतु कालच पुसून टाकले असल्यासहि तें कोरें दिसतें, म्हणून गाडी वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा लावावें.

आपोआप गिअर बदलणाऱ्या जुन्या मोटारींविषयीं माझें मत प्रतिकूल आहे. पण तें खेड्यांतल्या माणसाचें मत आहे. २०१४ पासून ज्या स्वस्त स्वयंचलित गाड्या आल्या त्यांत गिअरबॉक्स साधाच असून क्लच व गिअर यंत्राच्या हातानें चालतात. चढावर ब्रेक न दाबतां ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली कीं यांचा क्लच जळतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या खऱ्या स्वयंचलित गिअरबॉक्सचें तेल करपल्याचा वास येत असेल, अगर दांडा ‘डी’वर आणल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघत असेल, तर ती सोडून द्यावी. हीं यंत्रें उघडणारा हात आमच्या तालुक्यांत मिळणें कठीण.

कागदपत्रांसंबंधीं दोनच गोष्टी. नोंदणीपुस्तकांतील पूर्वीचा वर्ग पाहावा, म्हणजे टॅक्सीचा इतिहास कळतो. आणि नोंदणीची तारीख पाहावी, कारण खासगी मोटारीचीं पंधरा वर्षें भरलीं कीं परिवहन कार्यालयांत तपासणी होऊन नोंदणी पुढें वाढवून घ्यावी लागते. तेरा वर्षांची गाडी घेणारास हा खर्च दोनच वर्षांनीं येतो.

मागील दिवाळीच्या सुमारास आमचे मेहुणे अशीच एक गाडी घेण्यास निघाले, तेव्हां मी बरोबर गेलों. सकाळीं सातास पोहोंचलों. बॉनेट थंड होतें. इंजिन एका दमांत लागलें, खळखळ नाहीं, धूर नाहीं. हँडब्रेकवर क्लचची परीक्षा उतरली. रस्त्यावर दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकतांना मात्र प्रत्येक वेळीं कुर्र झालें, आणि डाव्या टोपीस बोटभर चीर होती. मालक सरळ गृहस्थ होते. त्यांनीं स्वतःच विचारलें, “पाव्हणं, आवाज येतोय ना?” मिस्त्रीकडून अंदाज काढला, किमतींतून २५ हजार उतरले, आणि गाडी घेतली. गिअरबॉक्स उघडून तिसऱ्याचें कडें, दोन बेअरिंगें, सीलें व टोपी बदलण्यास २१ हजार लागले. गिअरबॉक्स उतरलेलाच होता म्हणून क्लचचा संचहि नवा घालावा, असें मीं सुचविलें. मेहुण्यांनीं तें ऐकलें नाहीं.